लाखेखालची सही

"थांबा, हात ओला हाय."

कुठलंही महत्त्वाचं काम करायच्या आधी मावशी हे म्हणायच्या. हवालदार पेन पुढे करो, नाहीतर कोर्टातला पट्टेवाला शपथ घ्यायला बोलवो. आधी उजवा हात पदराला पुसायचा, मग डावा, मग पुन्हा उजवा. दिवसभर झेंडू-शेवंतीवर पाणी मारून बोटं कायमची सुरकुतलेली. हात कोरडा झाल्याची खात्री पटली की म्हणायच्या, "हां, बोला आता." एकदा न्यायाधीशांनाच म्हणाल्या. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं आणि निमूटपणे बोलायला लागले.

मी सरकारी वकील. लोकांच्या भाषेत हरणाऱ्या बाजूचा वकील. गावठी कट्ट्यांच्या केसेस माझ्याकडे इतक्या येतात की बायको म्हणते, तुम्ही आता घरातसुद्धा 'सदर वरण' आणि 'सदर भात' म्हणायला लागाल. कट्टा तुम्ही जवळून पाहिला नसेल तर बरंच आहे. नळाच्या तुकड्याला लाकडी मूठ ठोकल्यासारखं ते एक बेढब धूड असतं. कारखान्यातल्या बंदुकीवर नंबर असतो. कुणी बनवली, कुणाला विकली, याचा माग काढता येतो. याच्यावर डोंबल असतं. सातपुड्याच्या पल्याड कुठल्या तरी भट्टीवर जन्मतो, भाजीच्या गाडीत नाहीतर एसटीत बसून नाशकात येतो, आणि चार हात फिरला की तो कुणाचाच नसतो. त्यामुळे 'हा कट्टा ह्या माणसाच्या कमरेला सापडला' एवढं एकच वाक्य आमच्या हातात उरतं.

ते वाक्य कोर्टात येऊन सांगायला पंच लागतात. रस्त्यावरची दोन साधी माणसं, ना पोलिसांची, ना आरोपीची. त्यांच्या डोळ्यांसमोर कट्टा काढायचा, कापडात गुंडाळायचा, दोरा बांधायचा, लेबल चिकटवायचं, लेबलावर दोघांच्या सह्या घ्यायच्या, आणि वर गरम लाख ओतून शिक्का मारायचा. दिसायला किती सोपं! पण हवालदार रस्त्यात "ओ दादा, जरा इकडं या" म्हणाला की तुम्ही आणि मी काय करतो? मोबाइल कानाला लावतो आणि चालू पडतो. जो बिचारा तावडीत सापडतो तो सही करतो, आणि काही वर्षांनी कोर्टात येऊन म्हणतो, "माझ्यासमोर काहीच झालं नाही. पोलिसांनी कोऱ्या कागदावर सही घेतली." याला आम्ही 'पंच फिरला' म्हणतो. दूध नासलं म्हणावं तितक्या सहज म्हणतो.

मावशींचं नाव मी इथे लिहीत नाही. ज्यांच्यासमोर ते कोर्टात मोठ्यांदा पुकारलं गेलं, त्यातले बरेच मोकळे हिंडताहेत. पंचवटीत पोलीस चौकीच्या भिंतीला लागून त्यांचा फुलांचा ठेला होता, एवढं पुरे.

आधी मी त्यांना ओळखत होतो ते एक तिखट जिभेची फुलवाली म्हणून. माझ्या बायकोनं एकदा विचारलं, "गुलाब ताजे आहेत ना?" मावशी म्हणाल्या, "नाय, माझ्या लग्नातले हायेत. जपून ठेवलेत तुमच्यासाठी." बायको महिनाभर तिकडे फिरकली नाही. मग गेली ती पुन्हा तिथेच, कारण त्यांच्यासारखा हार कुणाला जमत नव्हता. दोरा असा ओढायच्या की संध्याकाळपर्यंत पाकळी हलायची नाही. शेजारच्या पानटपरीवाल्याला रोज सकाळी त्याच्या देवासाठी एक छोटा हार जायचा. चौकीतल्या तसबिरींनाही हार त्यांचाच. हवालदारानं उधारी ठेवली की देवाच्या नावानं हवालदाराचाच उद्धार व्हायचा.

त्यांना एकच मुलगा. वडील नसलेला, आईच्या शिव्यांवर वाढलेला, नुकतंच रिक्षाचं लायसन मिळालेला. सकाळी मळ्यांतून फुलं आणायचा, दिवसभर रिक्षा चालवायचा.

आमच्या शहरात भाईंचे वाढदिवस होतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. चौक अडवायचा, बॅनरवर पन्नास पोरांचे गॉगलवाले फोटो लावायचे, केक तलवारीनं कापायचा. पंचवटीतल्या अशाच एका भाईच्या वाढदिवसाला मावशींकडे हाराची ऑर्डर आली. गळ्यात घातला तर पायाशी लोळेल एवढा. दोन्ही हातांनी उचलायचा म्हटलं तरी एकट्याला पेलेना. मावशी खुशीत होत्या. गिऱ्हाईक कोण आहे याचा विचार फुलवाली कुठे करते? मुलानं हार रिक्षातून नेला. परत येता आलं असतं, पण भाईच्या गळ्यात तो घालायला चार माणसं लागत होती, म्हणून थांबला. डीजे चालू होता. भाईनं कमरेचा कट्टा काढला आणि हौसेनं वर झाडला. टाळ्या पडल्या. दुसऱ्यांदा झाडताना हात खाली आला होता. पोरगा पडला तेव्हा हाराचं एक टोक त्याच्या हातातच होतं.

पोलिसांनी कट्टा भाईच्या घरून जप्त केला. खटला माझ्याकडेच आला. चौकात शेकडो माणसं होती. जो साक्षीला आला तो म्हणाला, "आम्हाला फटाका वाटला." मग माझी सगळी भिस्त पंचांवर. एक होता कुणी वाटसरू, आणि दुसरा तोच पानटपरीवाला. दोघंही फिरले. कट्टा भाईकडे सापडला हेच सिद्ध होईना, तर गोळी कुणी झाडली ते कसं सिद्ध होणार? कट्टा काही बोलत नाही. त्याच्यावर ना नंबर, ना नाव. भाई सुटला.

मावशी शेवटच्या बाकावर बसल्या होत्या. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "वकीलसाहेब, तो टपरीवाला खोटं का बोलला?"

"घाबरला, मावशी. त्याला तिथेच धंदा करायचाय."

"मला काय चंद्रावर करायचाय?"

दुसऱ्या दिवसापासून टपरीवाल्याच्या देवाचा हार बंद झाला. त्यानं बायकोला पाठवून पाहिलं, ती दुप्पट पैसे द्यायला तयार होती. मावशी म्हणाल्या, "देवाशी माझं भांडण नाय. पण तुमच्या घरात आता देव ऱ्हात नाय." आणि तडक चौकीत जाऊन हवालदाराला सांगितलं, "पुढच्या टायमाला पंच गावला नाय तर मला न्या. मी फिरणार नाय."

हवालदार आधी हसला म्हणे. पण त्याच सुमारास शहरात कट्ट्यांविरुद्ध मोहीम निघाली. भाईंचे बॅनर उतरले, तडीपारीच्या नोटिसा निघाल्या, रात्रंदिवस नाकाबंदी सुरू झाली. वर्तमानपत्रांत फोटो यायला लागले. टेबलावर कट्टे मांडलेले, मागे अधिकारी ओळीनं उभे, सगळ्यांचे हात मागे बांधलेले. फोटो छान यायचे. कोर्टात यांतलं किती टिकतं याचा फोटो काढायला कुणी येत नाही. तेव्हा जप्तीचं मोबाइलवर चित्रीकरण सक्तीचं झालं नव्हतं. आता झालंय, आणि त्यात कधी कधी हवालदाराचा अंगठा फार स्पष्ट दिसतो. सांगायचा मुद्दा, कट्टे खूप सापडायला लागले आणि पंच मिळेनात. मग हवालदाराला भिंतीपलीकडच्या मावशी आठवल्या.

पहिल्याच केसमध्ये घोळ झाला. ठेल्यावरून उठून त्या तशाच गेल्या आणि ओल्या हातानं लेबलावर सही केली. शाई पसरली. कोर्टात आरोपीच्या वकिलानं पुडकं वर धरून विचारलं, "ही सही आहे की डाग?"

"डाग कसला? माझं नाव हाय ते."

"वाचून दाखवा."

मावशींना वाचता येईना. कुणालाच आलं नसतं. बाकी पुरावाही लंगडाच होता, आरोपी सुटला. मावशी माझ्यावर चिडल्या, हवालदारावर चिडल्या, कोर्टावर चिडल्या, आणि शेवटी स्वतःच्या हातांकडे बघत बसल्या. तेव्हापासून ते हात पुसणं सुरू झालं.

नंतर मात्र त्या अशा उभ्या राहिल्या की मी बघत राहिलो. कोर्टाच्या तारखेला ठेवणीतलं लुगडं नेसून, केसांत एक शेवंतीचं फूल माळून, सगळ्यांच्या आधी हजर. फुलवालीनं फुलाशिवाय बाहेर पडणं म्हणजे गिऱ्हाइकाचा अपमान, असं त्यांचं मत होतं. साक्ष देताना आवाज बाजारातला. न्यायाधीश एकदा म्हणाले, "बाई, हळू बोला, मला ऐकू येतं." मावशी आरोपीकडे बोट करून म्हणाल्या, "तुम्हाला येतंय साहेब, त्याला पण यायला पायजे." त्यांना स्वतःचा थोडा गर्वही चढला होता, खोटं कशाला सांगू? पायरीवर बसलेल्या दुसऱ्या साक्षीदारांना शिकवायच्या, "घाबरायचं नाय. पाह्यलं ते पाह्यलं म्हणायचं." मीच एकदा त्यांना तिथून उठवलं. नाहीतर साक्षीदार पढवल्याचा आरोप माझ्या गळ्यात पडला असता.

एका वकिलानं त्यांना खिजवायला विचारलं, "तुम्हाला खरी बंदूक आणि खेळण्यातली बंदूक यातला फरक तरी कळतो का?"

"आधी कळत नव्हता," मावशी म्हणाल्या. "मग कळला."

तो वकील पुढचा प्रश्न विसरला. त्या केसमध्ये शिक्षा झाली. नंतरही काहींत झाली. शिक्षा झाली की मावशी माझ्या टेबलावर एक गुलाब टाकायच्या आणि निघून जायच्या. एकदा मी गमतीनं म्हटलं, "मावशी, एवढ्या केसेस जिंकल्या, कधी हार नाही आणलात." त्या वळून म्हणाल्या, "हार मी आता देवाला करते आणि मेलेल्याला करते. तुम्हाला पायजे का?" मी हात जोडले.

आणि मग तोच भाई पुन्हा पकडला गेला.

भर दुपारी, नाकाबंदीत, त्यांच्या ठेल्यापासून हाकेच्या अंतरावर. गाडी अडवली, झडती घेतली, कमरेला कट्टा. नवा फौजदार पंच शोधायला लागला. टपरीवाल्यानं शटर ओढलं. रिक्षावाले पांगले. एक कुणी बाहेरगावचा भाविक सापडला. दुसरा पंच म्हणून हवालदारानं सवयीनं भिंतीपलीकडे हाक मारली. मावशी उठल्या, हात पुसले, गेल्या.

कागद माझ्याकडे आले आणि मी डोकं धरलं. फौजदाराला बोलावून म्हटलं, "अरे बाबा, जिचा मुलगा याच्या गोळीनं गेला, तिलाच याच्याविरुद्ध पंच? पंच तटस्थ लागतो, एवढंही शिकवलं नाही का तुला?"

तो म्हणाला, "सर, तटस्थ होते ते सगळे पळाले. न फिरणाऱ्या त्या एकट्याच आहेत."

खरं सांगतो, मला त्याचा राग आला. मावशींना विचारलं, "तुम्ही तरी नाही म्हणायचंत."

"मी नाय म्हटले असते तर शटर वर करून त्या टपरीवाल्याला वढला असता. तो काय करतो ते मी पाह्यलंय." मग म्हणाल्या, "माझ्यादेखत काढला कट्टा त्याच्या कमरंतनं. लाख वाळावी म्हणून मी फुंकर घातली. हे काय खोटं हाय का?"

खोटं नव्हतं. एवढं खरं पंचाच्या तोंडून मी आयुष्यात ऐकलेलं नव्हतं.

साक्षीच्या दिवशी व्हरांड्यात हवालदार त्यांच्या कानाशी लागला, "मावशी, विचारलं तर म्हणा, आरोपीला आधी ओळखत नव्हते. सुटेल नाहीतर."

"माझ्या पोराला मारणाऱ्याला ओळखत नाय म्हणू?" मावशी सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशा बोलल्या. "मग मी पण फिरलेच की रे!"

बाहेरगावचा भाविक फिरला होताच. आता मावशी उभ्या राहिल्या. हात पुसले, शपथ घेतली. माझ्या प्रश्नांना खणखणीत उत्तरं दिली. मग आरोपीचा वकील उठला. त्यानं आवाज चढवला नाही, खिजवलं नाही. त्याला गरजच नव्हती.

"या आधी किती पंचनाम्यांत पंच होतात?"

"मोजले नाय. लय."

"पोलीस बोलावतात आणि तुम्ही जाता?"

"दुसरं कुणी जात नाय म्हणून जाते."

"आरोपीला ओळखता?"

"वळखते."

"कसं?"

"त्याच्या वाढदिवसाचा हार मी केला होता. तो द्यायला माझा पोरगा गेला. परत आला नाय."

वकिलानं अगदी मऊ सुरात विचारलं, "याला शिक्षा व्हावी असं तुम्हाला वाटतं ना, बाई?"

मी मनात म्हटलं, मावशी, नाही म्हणा. एकदा तरी काहीतरी गुळमुळीत बोला.

"वाटतं," मावशी म्हणाल्या. "आईला काय वाटायला पायजे मग?"

"आणखी प्रश्न नाहीत," वकील म्हणाला आणि खाली बसला.

निकाल मी वाचायच्या आधीच मला पाठ होता. साक्षीदार ही पोलिसांची नेहमीची पंच आहे. आरोपीशी तिचं वैर आहे. दुसरा पंच फितूर. संशयाचा फायदा आरोपीला. न्यायाधीश वाईट नव्हते, विकलेले नव्हते. कायद्यात बसेल तेच त्यांनी लिहिलं. त्यांच्या खुर्चीत मी असतो तर मीही तेच लिहिलं असतं, याची मला जास्त चीड येते.

बाहेर मावशींना समजावून सांगणं आलं. टपरीवाला का फिरला हे सांगणं सोपं होतं. हे कसं सांगायचं? म्हटलं, "कोर्टाचं म्हणणं, तुम्ही फार वेळा पंच झालात. आणि तुमचं त्याच्याशी वैर आहे."

"मी फिरले नाय ना, साहेब?"

"नाही मावशी. तुम्ही नाही फिरलात."

"मग?"

या 'मग'चं उत्तर मी अजून शोधतोय. तुम्हाला सापडलं तर कळवा. त्यांच्या जबानीवर उभ्या असलेल्या बाकीच्या केसेसही त्या दिवसापासून बसल्या. जो तो वकील तोच निकाल काढून दाखवायला लागला. शहरातला एकमेव न फिरणारा पंच कायद्यानं निकामी झाला, आणि फिरणारे सगळे अजून कामाला येतात.

भाई सुटला म्हणजे मिरवणूक आलीच. त्याची पोरं मावशींच्या ठेल्यावर आली. हे मला शेजारच्या नारळवालीनं नंतर सांगितलं, नाव घेऊ नका असं चार वेळा बजावून. एक जण म्हणाला, "मावशी, हार पायजे. मागच्यासारखाच."

मावशी फुलांवर पाणी मारत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मी देवाला हार करते, नायतर मेलेल्याला करते. तुमच्या भाईला यातला कुठला करू?"

पोरांनी ठेला उलटा केला. फुलं तुडवली, पाण्याची बादली त्यांच्या अंगावर ओतली. भर बाजारात, पोलीस चौकीच्या भिंतीला लागून. पोरं गेल्यावर हवालदार धावत आला, वही-पेन घेऊन. तुटलेल्या ठेल्याचा पंचनामा करायचा तर पंच हवेत. त्यानं इकडे तिकडे पाहिलं. टपरीवाल्याचं शटर खाली होतं. नारळवालीला काही दिसलं नव्हतं. गिऱ्हाइकांचे मोबाइल कानाला लागले होते. पंचवटीच्या गर्दीत त्या बाईच्या ठेल्याला एक पंच मिळाला नाही.

हवालदार ओशाळून म्हणाला, "मावशी, निदान तुमची फिर्याद तरी लिहून घेतो. इथं सही करा."

मावशी चिखलातून हार ओवायची सुई शोधत होत्या. नखशिखांत भिजलेल्या. त्यांनी पेनाकडे पाहिलं.

"ऱ्हाऊ दे रे दादा," त्या म्हणाल्या. "हात ओला हाय."

आणि तो पुसला नाही.

त्यानंतर ठेला लागला नाही. वणीकडे बहिणीच्या गावी गेल्या म्हणतात. तिथे तरी शेवंती लावली असेल, असं मी स्वतःला सांगतो. जाऊन भेटावं असं पुष्कळदा मनात येतं. पण जाऊन तोंडानं काय बोलू? त्या जागेवर आता मोबाइलची कव्हरं विकणारा बसतो, आणि टपरीवाल्याच्या देवाला प्लॅस्टिकचा हार आहे.

परवा एका केससाठी मालखान्यात, जप्त वस्तू ठेवतात त्या खोलीत, गेलो होतो. मला हवा तो मुद्देमाल सापडेना, म्हणून कारकुनानं कट्ट्यांची सगळी पुडकी टेबलावर मांडली आणि एकेक उचलून वाचायला लागला. "गावठी कट्टा. नंबर नाही. बनवणाऱ्याचं नाव नाही. मालक माहीत नाही. हा नाही ना तुमचा, साहेब?" नाही म्हटलं. "गावठी कट्टा. नंबर नाही. नाव नाही." तोही नाही. एका लेबलावर नुसताच शाईचा डाग होता, तो मी लगेच ओळखला. बाकीच्या बऱ्याचशांवर लाखेखालून तिरपी, ठसठशीत, कोरड्या हातानं केलेली सही दिसत होती. एवढे कट्टे, एकाचाही धनी सापडत नाही. न फिरलेलं नाव आहे ते फक्त मावशींचं.